साखर मागणारा आवाज

सासवा कुलूप लावतात ते तुपाला, नाहीतर लाडवांच्या डब्याला, आणि लावतात ते सुनेला घर कोणाचं आहे ते कळावं म्हणून. वडनेर भोलजीच्या रुख्मिणीनं मात्र साखरेला कुलूप लावलं, आणि तेही भीतीनं. साखर, गूळ, देवापुढची खडीसाखरेची वाटीसुद्धा तिनं लोखंडी कपाटात कोंडली आणि किल्ली कमरेला खोचली. कोणी विचारलं असतं तर ती काय सांगणार होती? की आपल्या सुनेत एक बाई शिरली आहे आणि ती रोज दुपारी साखर मागते?

सून, काजल, चार महिन्यांपूर्वी अमडापूरहून लग्न होऊन आली होती. म्हणजे घाटावरची. रुख्मिणीला घाटावरच्या माणसांचं वावडं नव्हतं, पण घाट उतरताना नव्या नवरीला काही ना काही लागतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. वरातीची गाडी घाटात पंक्चर झाली होती, तीही नेमकी तिन्हीसांजेला. घरी आल्यावर गडबडीत नवरीवरून लिंबू उतरवायचं राहून गेलं. तेव्हापासून तिच्या जिवाला चुटपुट होती.

पोरगी तशी गुणाची. कामाला वाघ, शब्दाला शब्द नाही. पण दुपारची जेवणं झाली की ती खोलीचं दार लोटून बसे, आणि रुख्मिणी भांडी घासून आत येई तोवर त्या दारामागून बाईचा आवाज यायला लागलेला असे. काजलचा नव्हे. जरा घोगरा, संथ, घाटावरच्या बोलीतला.

"आई, मी काय सांगते ते नीट ऐक," तो आवाज म्हणे. "पोरगी थरथरायला लागली, घामानं भिजली, भलतंसलतं बोलायला लागली, की साखर दे. गिळत असंल तर साखरेचं पाणी पाज. गिळत नसंल तर तोंडात काही ओतू नको. कुशीवर वळव, गालाच्या आतून बोटानं साखर लाव. उशीर केलास तर पोरगी तुझ्या हातची जाईल."

इथवर ऐकलं की रुख्मिणी अंगणात पळे.

ती काही अडाणी नव्हती. तिच्याकडे स्वतःचा मोबाइल होता, त्यावर ती कीर्तनं ऐके आणि बहिणीशी भांडे. पण त्या खोलीत रेंज म्हणून येत नसे. ज्याला फोनवर बोलायचं तो बाहेर कडुनिंबाखाली जाई. शिवाय फोनवर बोलणाऱ्याला पलीकडून कोणी उत्तर देतं. या बाईला कोणी उत्तर देत नव्हतं. ती बोले, थांबे, श्वास घेई, पुन्हा बोले, आणि रोज तेच. एकदा रुख्मिणीनं फटीला डोळा लावला. काजल भिंतीला टेकून बसलेली, ओठ मिटलेले, नजर थेट दाराकडे, आणि आवाज चालूच. त्या दिवशी रुख्मिणीला ताप भरला.

आणखीही खुणा होत्या. सुनेच्या बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके असत. एका पहाटे तर ती चुलीपाशी थरथरत उभी होती, डोळे शून्यात, सासूला ओळखेना. मग तिनं डब्यात हात घालून साखरेचे बकाणे भरले आणि थोड्या वेळानं काही झालंच नाही अशी भाकरी थापायला बसली. आता याहून वेगळा पुरावा तो काय हवा होता?

गावातला कडूबा बाहेरचं पाहत असे. त्याला घरातलं काही दिसत नाही असं त्याची बायको म्हणे, पण बाहेरचं दिसे.

"काय मांगते ते?" त्यानं विचारलं.

"साखर."

"मंग देऊ नका. एकडाव देलं का घर धरते ते. अमावस्येपर्यंत गोड बंद करा. आपोआप निंगून जाईन."

रुख्मिणीनं गोड बंद केलं. काजलच्या उशाखाली ग्लुकोजची पुडी आणि चॉकलेटं सापडली, तीही कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी काजलनं उशाखाली चाचपलं, डबे उघडून पाहिले आणि सासूला हळूच विचारलं, "आत्याबाई, साखर कुठी ठेवली?"

"सरली," रुख्मिणी म्हणाली. "आनू मंग." सुनेचा चेहरा उतरला, तो तिला दिसला. पण तो चेहरा सुनेचा की त्या बाईचा, हे तिला कळेना.

कापूस वेचायचे दिवस होते. मजूर मिळेनात, म्हणून त्या दिवशी काजलही सासूबरोबर वावरात गेली. जेवणाची वेळ टळून गेल्यावर दोघी घरी परतल्या. सासरा इंद्रभान अजून वावरातच होता, आणि नवरा शेखर खामगावला कामाला, तो रविवारी येई. रुख्मिणी पाय धुऊन आत आली, तर काजल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळलेली होती.

अंग घामानं निथळत होतं, हातपाय थडथडत होते. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. अडखळत एकच शब्द येत होता, "साखर... साखर..."

रुख्मिणी दोन पावलं मागं सरली. मूठ किल्लीवर आवळली गेली. "नाही देत," ती म्हणाली. "निंग माह्या घरातून."

काजलचे ओठ पांढरे पडले. मग बोलणंही थांबलं, आणि तिची मान एका बाजूला कलंडली. रुख्मिणी बघत राहिली. तिला कडूबा आठवला, अमावस्या आठवली, आणि मग तिला समोर दिसलं ते फक्त एक परक्याचं लेकरू, तिच्या उंबऱ्यात मरायला टेकलेलं. तिला भुताची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगावं. पण त्या भीतीहूनही मोठा संताप तिच्या पोटातून वर आला.

"धर बाई, घर धर," ती मोठ्यानं म्हणाली. "मले धर पाह्यजे तं. पन हे लेकरू सोड."

तिनं कपाटाचं कुलूप काढलं. डबा निघाला तशी अर्धी साखर जमिनीवर सांडली. आता पुढं काय, हे तिला कोणी सांगायला लागलं नाही. दाराआडून ऐकून ऐकून भीतीनं तिचा शब्द न् शब्द पाठ झाला होता. तिनं काजलला कुशीवर वळवलं. तोंडात पाणी ओतलं नाही. बोट ओलं करून साखरेत बुडवलं आणि गालाच्या आतून लावलं, पुन्हा लावलं, पुन्हा. लावता लावता ती रडत होती आणि त्या बाईला शिव्याही देत होती.

कितीतरी वेळानं काजलचा गळा हलला. मग डोळ्यांत ओळख आली. रुख्मिणीनं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, भाकर चारली आणि शेखरला फोन लावून नुसतं "घरी ये" एवढंच सांगितलं.

अंगात बसण्याइतका जीव आल्यावर काजलनं बोट टोचून रक्त तपासलं, सासूच्या देखत, पहिल्यांदाच. आणि मग सगळं सांगितलं. टाइप वन डायबेटिस. अकरा वर्षांची असल्यापासून. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून रोज सुया. आधी सांगितलं म्हणून दोन स्थळं मोडली, तेव्हा तिसऱ्याला माहेरच्यांनी सांगितलंच नाही. शेखरला तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, आईले हळूहळू सांगू. ते हळूहळू काही उजाडलं नव्हतं.

"पन शुगरवाल्याले तं साखर बंद असते," रुख्मिणी म्हणाली. तिच्या भावाला होती, तो चहासुद्धा फिका पिई.

"सुई घेतली अन् जेवन लांबलं, का साखर एकदम खाली येते. मंग साखरच पाह्यजे. नाही भेटली तं मानूस मरते."

रुख्मिणीचा हात कमरेवरच्या किल्लीकडे गेला आणि तिनं ती काढून दूर भिरकावली. "अन् ते बाई? ते कोन बोलते खोलीत?"

काजलनं मोबाइल आणला. "याले पॉडकास्ट म्हनतात. रेडिओसारखं. अंगनात उतरवून ठेवलं का खोलीत रेंज नसली तरी चालते. आमच्यासारख्यायसाठी ते बोलते. हा भाग घरच्यायसाठी हाये. मी मुद्दाम मोठ्यानं लावत होती, तुमच्या कानावर पडावं म्हनून. माह्या तोंडानं सांगाची हिंमत नाही झाली."

"म्हंजे ते मलेच सांगून राह्यली होती?"

"हाव."

शरम काय असते ते रुख्मिणीला त्या वेळी कळलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कुठची हाये ते? रविवारी जाऊ आपन. मी तिले भूत समजली. तिची ओटी भरतो, पाय धरतो तिचे."

"देऊळगाव राजाची. योगिनी नाव." काजल फोनकडे पाहत राहिली. "पन ते नाही आता, आत्याबाई. मांगच्या दिवाळीत गेली."

"गेली?"

"तिलेबी हेच होतं. हे बोलनं आधीचं हाये, ते राह्यलं."

रुख्मिणी तिच्याजवळ सरकली. "घरी कोनी नव्हतं का?"

"सगळेच होते. सन होता, पाव्हनेबी होते. घाबरले, अन् पाह्यत राह्यले. तिच्या भावानं शेवटचा एक भाग टाकला, त्याच्यात सांगतलं त्यानं. लोकायनं आयकलं तिचं, पन घरच्या कोनी एकडावबी लावून पाह्यलं नाही."

तेवढ्यात इंद्रभान वावरातून आला, आणि खामगावहून शेखरची मोटारसायकलही दारात थांबली. रुख्मिणी उठली. दोघांना तिनं चपला काढायलाही वेळ दिला नाही, धरून आणून काजलसमोर बसवलं आणि सुनेला म्हणाली, "लाव. पयल्यापासून लाव."

तो घोगरा, संथ आवाज घरात घुमला. इंद्रभाननं इकडंतिकडं पाहिलं. "हे कोन बाई बोलून राह्यली?"

"मेलेली हाये," रुख्मिणी म्हणाली. "चूप बसा अन् आयका."