डाव्या हाताची पाळी

"थांबा, थांबा! मास्तर, कानाला सगळं बरोबर लागतंय, पण डोळ्याला खटकतंय," बँडप्रमुख म्हणाला. "बाकीच्यांची उजवी काठी खाली असते तेव्हा तुमची वर. रविवारी लोक संचलन बघायला येणार. ऐकतंय कोण?"

कारखान्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारे चौघे होते. मास्तरांच्या एका बाजूला त्यांची लेक उभी राही. दुसऱ्या बाजूला नळ दुरुस्त करणारा 'पाना' आणि त्याच्या पलीकडे गोदामातला जाड्या. तिघांनाही काठी धरायला मास्तरांनीच शिकवले होते.

उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. पॅराडिडल या ठेक्याचा हा क्रम मास्तरांच्या हाडीमांसी मुरला होता. पण अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून डाव्या हाताला लागोपाठ दोन फटके साधेनात. मग ते दुसऱ्या भागातही पहिल्याचाच क्रम वाजवू लागले. आठांतले सहा फटके एकटा उजवा हात ओढून नेई. आवाजात फरक कळू नये इतकी सफाई त्यांनी जिद्दीने कमावली होती. काठ्या मात्र चहाडी केल्यावाचून राहत नव्हत्या. आज जमले नाही, तर रविवारी घरी बसावे लागणार हे प्रमुखाने न सांगताही त्यांना कळत होते.

ते पाणी पिऊन परतले, तेव्हा तिघांची डोकी एकत्र आली होती.

"कसली खलबतं चाललीत?"

"काही नाही, मास्तर," पाना म्हणाला. "जाड्या विचारतोय, बिस्किटं कोणी संपवली."

"तो विचारतोय म्हणजे त्यानंच."

पुन्हा वादन सुरू झाले. थोड्याच वेळात प्रमुख हरखून ओरडला, "वा! ओळ कशी एका सुतात आली!"

मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी सहज शेजारी पाहिले. लेकीची उजवी काठी तीनदा लागोपाठ उठली. पानाचीही. जाड्याचीही. तिघांचे धडधाकट डावे हात ड्रमवर नुसते टेकून वाट पाहत होते.

मास्तरांनी काठ्या थांबवल्या.

"हे काय वाजवतेस?"

"तुम्ही वाजवता तेच."

"मी चुकीचं वाजवतो."

"मग आम्हीपण चुकीचं वाजवू. रविवारपुरतं. कोणाला कळतंय, बाबा?"

"अगं, मला कळतंय ना!" त्यांचा आवाज चढला. "डाव्या हाताला सावत्र वागवू नका, म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडलो. माझ्या हाताचा नाइलाज आहे. तुमच्या हातांना काय धाड भरलीय?"

जाड्याला हसू फुटले आणि ओठांवरच विरले.

"तुमच्यावाचून ओळ बरी नाही दिसत, मास्तर," पाना खालच्या मानेने पुटपुटला.

मास्तरांनी गळ्यातल्या पट्ट्याचे बक्कल उघडायला हात घातला. डावा अंगठा त्यावरून पुन्हा पुन्हा घसरला. लेकीने आपल्या काठ्या काखेत धरल्या, बक्कल सोडवले आणि ड्रम अलगद भिंतीशी ठेवला. मास्तर समोर जाऊन प्रमुखाच्या शेजारी उभे राहिले.

"बरोबर क्रमानं. तिघांनी," ते म्हणाले. मग ओळीकडे निरखून पाहिले. "आणि सरका. मध्ये फट दिसतेय."

पाना आणि जाड्या एकेक पाऊल सरकले. लेक जागची हलली नाही.

"तूही, बाळा."

ती अर्धे पाऊल सरकली.