सोपानरावांची कातर

"सोपानराव, ही शेंडी परत ठेवलीत?"

"राहू द्या की, म्याडम."

"राहू द्या काय? उद्या व्हिजिट आहे. साहेबांच्या नजरेला पडलं तर बोलणी मला बसतील, तुम्हाला नाही."

सोपानराव कातर खांद्यावर टाकून उभे. महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत ते माळी आणि मी हाउसकीपिंग-गार्डनची सुपरवायझर, दोघंही कॉन्ट्रॅक्टवर. गेटापासून कँटीनपर्यंत डुरांटाचं कमरेएवढं कुंपण आहे. सोपानराव ते असं कापतात की वरून पाण्याची बाटली घरंगळत सोडली तर सरळ शेवटपर्यंत जावी. पण शेवटाला दरवेळी वीतभर पाल्याचा झुपका उभाच. पार्किंगचं कुंपण घ्या, कँटीनमागचं घ्या, प्रत्येकाला एक. एखाद्या वेळी विसरला म्हणावं, पण आठ कुंपणांना आठ ठिकाणी कोण विसरतं? पहिल्या वर्षी मी ओरडले, दुसऱ्या वर्षी कारण विचारलं, आणि तिसऱ्या वर्षापासून ते घरी गेले की माझ्या खिशातल्या कात्रीनं ते झुपके गुपचूप उडवायला लागले. दुसऱ्या दिवशी ते त्या जागेकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि पाण्याचा पाइप घेऊन निघून जायचे.

खोटं कशाला बोलू, मला त्या शेंडीपेक्षा तिचं कारण जास्त छळत होतं. स्वभावच मेला तसा. थेरगावला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे फ्रीज आला तर मी खोक्यावरचं बारीक अक्षरातलंसुद्धा वाचून येते. नवरा विचारतो, "करिष्मा, तुला पगार कंपनी देते का पोलीस खातं?"

दुसरा ताप त्या कातरीचा. स्टोअरमध्ये पेट्रोलवर चालणारी कुंपण कापायची मशीन दोन वर्षं पडून होती. सोपानराव तिला हात लावायचे नाहीत. लोखंडाची हातभर लांब, काळी पडलेली कातर रोज फडक्यात गुंडाळून घरून आणायचे. "मशीनला कळत न्हाई कुटं थांबायचं," एवढंच म्हणायचे.

तर त्या बुधवारी झुपक्यावरून माझं बोलून झालं, आणि हे म्हणतात कसं, "म्याडम, उद्याची सुट्टी पायजे हुती."

"उद्या? अहो, अख्खं वर्ष सोडून उद्याच?"

"मेंढरं आल्यात."

त्यांनी पार्किंगमागच्या भिंतीकडे बोट केलं. मी कठड्यावर चढून पलीकडे डोकावले. मागचा प्लॉट कुणी तरी घेऊन ठेवलेला, बोर्डाशिवाय काही नाही. तिथे काळीभोर मेंढरं, दोन घोडे, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि चुलीचा धूर. रात्रीतून एक गावच येऊन बसलं होतं.

"माझा चुलतभाऊ हाय, दत्तोबा. पारनेराकडनं दर दिवाळीमागं येतो, कोकणात उतरतो. घाट उतरायच्या आदी लोकर काडावी लागती. तिकडं दव लय. लोकर भिजली की जनावर खोकाय लागतं, मरतं. परवा पहाटं ती निघणार. उद्याचाच दिस हाय."

"मग तुम्हीच कशाला? त्यांची माणसं नाहीत?"

"हुती की. आमच्यात सावड असती. तुमची मी कातरायची, माझी तुमी. धा-बारा कातरी एकदम चालायच्या. आता समदी पोरं कंपनीत. माझा पोरगाबी भोसरीत लेथवर हाय. ऱ्हायलो दोघं, मी आन् दत्तूदादा." जरा थांबून म्हणाले, "यंदाचीच बारी हाय. म्होरल्या साली नसंल."

"का नसेल?"

"जातो, पाणी लावायचंय," म्हणाले आणि गेले. मला अर्धंच सांगून जाणाऱ्या माणसाचा भयंकर राग येतो.

सुट्टी देणं माझ्या हातात नव्हतं. शेवटी असं ठरलं की व्हिजिट दुपारी जेवणाला आटपेल, ती आटपली की मी त्यांना सोडायचं. पाहुणे आले, कुंपण बघून एकाने फोटोसुद्धा काढला. पावणेदोनला मी सोपानरावांना खूण केली. ते कातर काखेला मारून निघाले, आणि मी "राउंडला जाते" असं सिक्युरिटीला सांगून त्यांच्या मागोमाग. लाज कशाची?

दत्तोबा सकाळपासून एकटेच बसलेले. सत्तरीचे असतील, लाल पटका, कंबर धरूनच उठले. "आला का आमचा कंपनीवाला! उजेड जायच्या आत साठ राहिल्यात, सोपाना."

"व्हतील," म्हणत सोपानरावांनी कंपनीचा शर्ट काढून खुंटावर टांगला आणि बनियनवर बसले.

मग मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल का, शंकाच आहे. एक मेंढी ओढून आडवी केली, पाय बांधले, मान मांडीखाली घेतली. कातर पोटाकडून शिरली. आमच्या कुंपणावर कच्‌कच् वाजणारी तीच कातर इथे कुजबुजल्यासारखी चालत होती. डावा हात पुढे कातडी ताणत जायचा, उजवा मागून यायचा. मेंढी आधी धडपडली, मग डोळे अर्धे मिटून पडून राहिली. लोकर तुटून पडत नव्हती, सबंध चादरीसारखी अंगावरून उतरत होती. खालून बारकं, गुळगुळीत, ओळखू न येणारं जनावर निघालं. कुठे रक्ताचा थेंब नाही. चार वर्षं मी या माणसाला "जरा हात उचला" म्हणत आले होते.

आणि शेवटी शेपटाच्या वर, माकडहाडापाशी, वीतभर झुपका तसाच ठेवून त्यांनी पाय सोडले. मेंढी उठली, अंग झाडलं आणि शेंडी मिरवत कळपात शिरली.

"हे काय?" मी जवळजवळ ओरडलेच.

दत्तोबांची बायको, दुर्गाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती हसली. "समदी काडून घिऊ न्हाई, बाय. वरीसभर वागवती ती आन् आपल्याला देती. तिचं तिला कायतरी ठिवावं. आमच्या घरात आज्यापासनं असंच."

माझा हात आपोआप खिशात गेला. कात्री होती तिथेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण चौकशी काही सुटत नाही. लोकरीचा ढीग गुडघ्याच्या वर आला होता. मूठभर उचलून पाहिली, वास उग्र, पण बोटांना तेल लावल्यासारखं मऊ लागलं. "आता हिचं काय करणार?"

"काय करतोय? हितंच टाकायची," दत्तोबा म्हणाले.

"टाकायची?"

"आदी घोंगड्या इणणारे सणगर यायचे लोकर न्यायला. चार दिस आमच्यामागं हिंडायचे, दुसऱ्याला दिऊ नका म्हणून भांडायचे. पैल्या कातरणीची जावळाची लोकर तर आमी घरातच ठिवायचो, पोरीच्या लग्नातल्या घोंगडीला. आता घोंगडी कोन पांघरतंय? बाजारात रंगीत ब्लँकेट मिळत्यात. फुकट न्या म्हटलं तरी कुणी उचलत न्हाई."

"सोपानराव, तुम्ही काल म्हणालात, पुढच्या साली नसेल—"

सोपानराव पुढची मेंढी ओढायला उठले. उत्तर दत्तोबांनी दिलं. "माडग्याळी नर आणलाय, त्यो बगा." कळपाबाहेर एक उंच, पांढरा-तपकिरी, पोपटासारख्या नाकाचा मेंढा बांधला होता. अंगावर लोकर नावालाही नाही. "त्येची कोकरं झटक्यात वाडत्यात, खाटीक दारात येऊन नेतो. कातरायची भानगडच न्हाई. ही काळी कोकणातनं परत आली की चाकणच्या बाजारात काडायची. माझी कंबर गेलीया, पोरी. कुटवर वडू?"

त्यांचं काही चुकत होतं असं मला म्हणता येईना. सोपानरावांनाही आलं नसावं. ते कातरत राहिले. मध्येच गुडघ्यानं जमिनीकडे खूण करत म्हणाले, "म्याडम, हे कांद्याचं वावर हुतं. तुमची कँटीन हाय तितं पाण्याची हीर हुती. खताला मेंढरं बसवा म्हणून मालक घरी यायचा बोलवाय, बाजरी द्यायचा. माझीबी दीडशे हुती तवा." एवढं लांबलचक बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

उन्हं उतरली तेव्हा एकच मेंढी उरली होती. म्हातारी, एक कान फाटलेला. दुर्गाबाईनं मला हळूच सांगितलं, "ही सोपानभावजींच्या कळपातल्या मेंढीची नात. समदी इकली तवा हिची आजी तेवडी आमच्याकडं ठिवली हुती त्येनी."

बाकीच्या एकेका मेंढीला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट वेळ सोपानरावांनी हिला लावला. दत्तोबा दोनदा "आटप की" म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. माझा फोन वाजत होता, मी तो बंद केला. त्यांनी तिच्या पाठीवर शेंडी ठेवली ती चांगली ओंजळभर. पाय सोडले तरी म्हातारी लगेच उठली नाही. ते तिच्या उघड्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि मी खुशाल रडले, कुणाला काय वाटायचं ते वाटो.

गेटापर्यंत येताना मी सांगून टाकलं. "सोपानराव, त्या शेंड्या मीच कापत होते."

"ठावं हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमाला तुमचं काम असतं, म्याडम."

शुक्रवारी मी आले तर मागचा प्लॉट रिकामा. लेंड्या, तीन चुलवणं आणि वाऱ्यावर भिंतीच्या तारेला अडकलेली लोकर. सोपानराव स्टोअरच्या दाराशी उभे, हात मोकळे.

"म्याडम, ती मशीन द्या. कशी चालवत्यात तेवडं दावा."

"कातर कुठे आहे?"

"तेल लावून गुंडाळून ठिवली."

मी दाखवलं. दोरी ओढायची, दाबून धरायचं. माणूस हाताचा, तासाभरात शिकला. पंधरा दिवसांनी पाला वाढला तेव्हा गेटापासून कँटीनपर्यंतचं कुंपण त्यांनी मशीननं दुपारपर्यंत करून टाकलं, शेवटपर्यंत सपाट. मी टोकाला जाऊन उभी राहिले.

"सोपानराव, शेंडी राहिली."

त्यांनी मशीन बंद केली, कपाळ पुसलं. "काय करायचीय आता," म्हणाले, आणि पुढच्या कुंपणाकडे गेले.

जनरेटरच्या मागे एक कुंपण आहे. तिकडे कोणतीच व्हिजिट जात नाही. व्हिजिटच्या आदल्या दिवशी त्यांनी ते कातरीनं कापलं होतं आणि गडबडीत माझी कात्री तिथे पोचलीच नव्हती. ती शेंडी अजून आहे. चांगली हातभर वाढून तिला जांभळी फुलं आली आहेत. सोपानराव मशीन घेऊन तिथे जातात, ती सोडून बाकीचं कापतात आणि परत येतात. परवा साहेब फिरत फिरत तिकडे गेले नि म्हणाले, "हे काय राहिलंय इथे?"

मी म्हणाले, "राहू द्या की, सर."