दौलत परबाच्या नावावर

“नाव?”

दौलत विश्राम परब.

लेबर ऑफिसरने पेन खाली ठेवलं आणि समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे एक उंच माणूस मांड्यांवर हात ठेवून बसला होता. त्यानेही आत्ताच हेच नाव सांगितलं होतं.

“खरं नाव विचारतोय मी.”

खरं…

थांबा. आधी राजाराम जॉबर. दौलतच्याच गावचा. लालबागेत गाववाल्यांच्या खोलीत राहणाऱ्यांपैकी कोणाला गिरणीत लावायचं, ते राजाराम ठरवायचा. दौलत कोकणातून आला तो शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. राजाराम म्हणाला, “दाखलो हंय ठेव. सायबाक दाखवतंय.” खोलीतल्या सगळ्यांचे कागद त्याच्या ट्रंकेत असायचे. परत मागणं म्हणजे गाववाल्याला चोर म्हणणं. दौलतने मागितला नाही.

खानावळवाली गंगुबाई तेव्हा ओरडली होती. “कागद कित्याक दिलंस, मेल्या? काय ता तोंडान सांगूचा!”

“गाववालो आसा गे.”

“म्हणानच!”

शिमगा गेला, गणपती गेले, काम काही लागलं नाही. छप्पन्न साल सरत आलं. शेवटी दौलत स्वतःच गिरणीच्या गेटवर गेला आणि नाव सांगितलं. टाइमकीपर हसला. “दौलत परब साळखात्यात मागावर आहे. पाळी सुटल्यावर भेट.”

भेटला. घाटावरचा. कपाळावर लाठीची खूण. त्याचं नाव आनंदा.

“मुंबईसाठीच्या हरताळात पुढं होतो,” आनंदा म्हणाला. “आमच्या गिरणीनं काढलं. माझ्या नावानं आता कुठंच घेत न्हाईत. राजारामभाऊ म्हनले, ह्यो दाखला घे. ज्याचा हाय त्यो गावाला गेला, परत येत न्हाई.”

“मी हंय आसंय.”

“दिसतंय की.” तो ओशाळला. “दोन पोरं हाइत, दौलतराव.”

नाव घेतलं होतं, वर ‘राव’ लावून परत करत होता. दौलत तिथून सरळ लेबर ऑफिसरकडे गेला.

“जन्मतारीख?” ऑफिसरने दोघांनाही विचारलं.

आनंदाने घडाघडा सांगितली. दौलत अडखळला. गावात जन्मतारीख कोणाची कोण ठेवतो? शाळेत घालताना मास्तरांनी मनाने टाकली होती. ती होती फक्त दाखल्यावर.

“अंगठा लाव.”

दौलतला सही येत होती. तरी लावला. ऑफिसरने तो आनंदाच्या बदली कामगाराच्या पासावरच्या ठशाशेजारी धरला. पासावर फोटो आनंदाचा, ठसा आनंदाचा. नाव, बाप, गाव तेवढं दौलतचं.

“तोतयेगिरी केली की पोलीस नेतात, ठाऊक आहे?” ऑफिसर म्हणाला. आनंदाला नव्हे.

“तुला ओळखणारं कोण?”

खोलीतलं…

खोलीतलं कोणी आलं नाही. सगळ्यांना राजारामनेच लावलेलं. शिवाय आनंदाने मुंबईसाठी मार खाल्लेला, त्याच्या पोटावर पाय कोण देणार? राजाराम गेटाबाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याची माणसं जमवत होता. घोषणा आत ऐकू येत होत्या. दौलतचे ओठ सवयीने हलले.

गंगुबाई आली. डोक्यावरचा पदर ओढत दारापाशी उभी राहिली.

“बाई, हा कोण?”

“माझ्याकडे जेवता.”

“नाव काय याचं?”

तिच्या पंगतीचा एकेक माणूस राजारामने आणलेला. तिने दौलतकडे पाहिलं, आनंदाकडे पाहिलं, मग फरशीकडे.

“माणसा खूप येतत, सायबानू. नावा खंय लक्षात रवतत?”

ऑफिसरने पास आनंदाला परत दिला.

नंतर खोलीत राजारामने दौलतच्या पाठीवर हात ठेवला. घोषणा देऊन त्याचा आवाज बसला होता.

“राग धरू नको रे. आपलो रघुवीर खोकल्यान गावाक गेलो. आता येवचो नाय. त्याचो दाखलो आसा माझ्याकडे. करी रोडच्या गिरणीत लावतंय तुका.”

“रघुवीराक विचारलंस?”

“तुका तरी खंय विचारलेलंय?” राजाराम मोकळेपणी हसला. खोलीतले दोघेतिघेही हसले. थट्टाच होती ती.

दौलत भिंतीला टेकून बसला. कोणीतरी त्याच्यापुढे तंबाखूची चंची सरकवली. त्याने चिमूट घेतली, चुना लावला, बराच वेळ मळत राहिला.

“पाळी खंयची?” त्याने विचारलं.