पाणी पिणारी व्हॅन

रविवारी दुपारी चार वाजता इंदिरानगरच्या मागच्या कॉलनीत शंभरेक माणसं एका जुन्या पांढऱ्या व्हॅनभोवती कोंडाळं करून उभी होती. व्हॅनची डावीकडची सीट उचललेली होती. खाली इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या बाजूलाच रेडिएटरचं झाकण होतं. तपोनाथ महाराजांनी भगवी बाही कोपरापर्यंत सारली आणि डोळे मिटले.

"देह गेला, तहान राहिली! ज्याची तहान राहिली त्याने बोलावं!"

एवढं बोलून त्यांनी उघड्या हाताने झाकण फिरवून काढलं. वाफेचा बारीक झोत वर आला. महाराजांचा हात मात्र जसाच्या तसा! आत पाण्यात बुडबुडे येत होते. बुड बुड, बुड बुड.

"बघा! कोंडाजी श्वास घेतोय!"

गर्दीतून एकच हुंकार निघाला. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या प्रफुल्लच्या अंगावर काटा आला.

कोंडाजीकाकांनी ही व्हॅन चौदा वर्षं चालवली होती. गेल्या हिवाळ्यात ते वारले आणि त्यांच्या बायकोने, सुलाबाईने, ती शेजारच्या प्रफुल्लला दिली. प्रफुल्ल आधी रिक्षा चालवायचा. रिक्षाचं इंजिन हवेवर गार होतं, त्यामुळे रेडिएटर हे प्रकरण त्याला नवं होतं. त्याने कॉलनीतली अकरा मुलं शाळेत न्यायला सुरुवात केली. जूनपासून व्हॅन पाणी प्यायला लागली. रोज सकाळी दोन लिटर पाणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी ते गायब. गाडीखाली एक थेंब नाही. सायलेन्सरमधून मात्र पांढराफटक धूर. प्रफुल्लने पाइप बदलले, पंखा बदलला. गॅरेजवाल्यालाही दोष सापडला नाही.

महाराजांना आणलं राकेशने. राकेश ओझरला विमानांच्या कारखान्यात कामाला आणि त्याची निकिता याच व्हॅनने शाळेत जायची. सुलाबाई त्याला म्हणाली होती, "राकेश, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आपल्यात हे बसत नाही रे."

"मावशी, रोज गाडीत बसते ती मुलगी माझी आहे," राकेशने उत्तर दिलं होतं.

महाराजांनी रेडिएटरमध्ये मूठभर भस्म टाकलं आणि काय सांगावं, आठ दिवस व्हॅन शहाण्यासारखी चालली! कॉलनीत महाराजांचा फोटो मोबाइलवरून फिरला. नवव्या दिवशी हायवेवर तापमानाचा काटा लाल पट्टीवर गेला, गाडीत वाफ भरली आणि अकरा पोरं किंचाळत रस्त्याकडेला उतरली. मागून कंटेनर सुसाट जात होते. निकिता दोन दिवस तापाने फणफणली.

तेव्हा महाराजांनी चौकशी केली, की कोंडाजीच्या शेवटच्या घटकेला जवळ कोण होतं? कॉलनीतल्या सगळ्यांनाच ते माहीत होतं, कारण सुलाबाईनेच रडत सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये काका पाणी मागत होते, डॉक्टरांनी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि तिने दिलं नव्हतं.

तेवढं पुरलं. कोंडाजीचा तहानलेला आत्मा व्हॅनमध्ये अडकून पाणी पितोय, असं महाराजांनी जाहीर केलं. गेले सहा दिवस तिच्या दारावरून जाताना बायका पोरांना जवळ ओढून घेत होत्या.

"आता तिची पाळी," महाराज म्हणाले. "जिने पाणी नाकारलं, तिनेच आज पाणी पाजायचं. या झाकणाला तिनेच हात लावायचा. मन निर्मळ असेल तर वाफ फुलासारखी वाटेल. मनात पाप असेल, तर ते हातावर दिसेल!"

सुलाबाई पुढे आली. साठी उलटलेली, हातात पाण्याचा तांब्या. "उघडते मी," ती हळूच म्हणाली. "मागितलं होतं त्यांनी. मी दिलं नाही."

महाराजांनी खांद्यावरची भगवी छाटी रेडिएटरवर पसरली, छाटीखाली हात घातला आणि मंत्र पुटपुटायला लागले. प्रफुल्ल हातभर अंतरावर होता. छाटीखालचा हात त्याला दिसला. झाकण बसलं, तळव्याने खाली दाबलं गेलं आणि करकचून फिरलं. एखादा गॅरेजवाला लावतो तसं.

"गाडी तापव रे. काटा लाल होऊ दे."

प्रफुल्लने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. दाबताना त्याला आठवलं, की गाडी सुरू करण्याआधी महाराजांनी 'शुद्धीकरण' म्हणून याच झाकणावर हात फिरवला होता. म्हणजे मघाशी झाकण सैल होतं. शिवाय गाडी तेव्हा चारच मिनिटं चालली होती. आता ती पंधरा मिनिटं गुरगुरत होती आणि झाकण घट्ट होतं. रबरी पाइप फुगून दगडासारखा झाला होता. काटा लाल पट्टीला टेकला.

बोललो आणि आपलंच चुकलं तर? उद्या एकही पोर गाडीत बसणार नाही. आणि नाही बोललो तर?

सुलाबाई वाकली. तिचा चेहरा झाकणाच्या बरोबर वर होता. तिने हात पुढे केला.

प्रफुल्लने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"मावशी, मागे व्हा! चेहरा बाजूला घ्या!"

"मृतात्म्याला अडवतोस?" महाराज गरजले. "भस्म होशील!"

"मग तुम्हीच उघडा, बाबा. मघाशी उघडलंत तसंच."

"माझा विधी झाला."

"पुन्हा करा. निर्मळ माणसाला काय भीती?"

महाराजांचा हात पुढे आला नाही. राकेश त्या हाताकडे बघत होता. "उघडा की महाराज," तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

प्रफुल्लने सगळ्यांना दहा पावलं मागे सारलं. खरं तर अशा वेळी झाकणाला हातच लावायचा नसतो, अर्धा तास थांबायचं असतं. पण लोकांनी आज हे पाहिलं नसतं, तर उद्या त्यांनी सुलाबाईला पुन्हा आणून उभं केलं असतं. त्याने गोणपाट भिजवून चार पदरी घडी केली, दाराबाहेर उभं राहून तोंड फिरवलं आणि झाकण जरासंच सैल केलं.

फुस्स करून शिट्टी वाजली. तपकिरी उकळतं पाणी थेट छतावर आदळलं आणि सीटवर चटचट गळायला लागलं. जिथे सुलाबाईचा चेहरा होता, नेमकं तिथेच. प्रफुल्लच्या मनगटावर शिंतोडा उडाला आणि टरारून फोड आला.

"पाणी तेच, इंजिन तेच," प्रफुल्ल फोडावर फुंकर घालत म्हणाला. "मघाशी झाकण सैल होतं, म्हणून वाफ कोंडलीच नाही. आता यांनी छाटीखालून घट्ट केलं. बंद कुकरचं झाकण ओढलं तर काय होईल, हे घरातल्या बायकांना विचारा."

"आणि तो श्वास?" मागून कुणीतरी ओरडलं. "बुडबुडे आम्ही डोळ्यांनी पाहिलेत!"

"ते मला माहीत नाही," प्रफुल्ल म्हणाला. बोलली सुलाबाई.

"सात वर्षांपूर्वी असंच झालं होतं," ती म्हणाली. "हे तेव्हा धडधाकट होते. एकेका प्लगची वायर काढून, म्हणजे एकेक सिलिंडर बंद पाडून, बुडबुडे थांबतात का ते बघत होते. मी टॉर्च धरला होता."

गाडी निवेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. मग पाणी भरलं, झाकण उघडंच ठेवलं आणि गाडी सुरू केली. बुड बुड सुरू झालं. गाडी बंद करून पहिल्या प्लगची वायर काढली आणि पुन्हा सुरू केली, तरी बुडबुडे येतच राहिले. ती जागेवर लावून दुसरी काढली. इंजिन अडखळत चाललं आणि पाणी आरशासारखं स्थिर झालं. दुसरी वायर परत लावली, की बुडबुडे हजर.

"काय महाराज," राकेशने विचारलं, "काका काय फक्त दुसऱ्याच सिलिंडरमधून श्वास घेतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. आठवडाभरात कॉलनीत कुणी हसलं नव्हतं. महाराज झोळी उचलून निघाले, तर त्यांच्या स्कूटरसमोर राकेशच उभा होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रारही त्यानेच दिली. जबाबाच्या पहिल्याच ओळीत त्याने लिहून दिलं, "या माणसाला मीच आणलं होतं."

सोमवारी मेकॅनिकने इंजिन खोललं. दुसऱ्या सिलिंडरपाशी गास्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली फट बंद करणारी पातळ चकती, जळालं होतं. त्या फटीतून रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये जायचं आणि धुरासोबत वाफ होऊन बाहेर पडायचं. म्हणून गाडीखाली थेंब नव्हता. त्याच फटीतून सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरायचा, ते बुडबुडे. पाइपात राखाडी गाळ थापलेला सापडला. स्पेअर पार्टच्या दुकानात गळती बुजवायची पूड मिळते, ती हीच. तिने फट आठ दिवस बुजवली आणि पाण्याचा रस्ताही बुजवला. महाराजांचं भस्म ते हेच. हायवेवर अकरा मुलांचा जीव टांगणीला लावला तो याच भस्माने.

संध्याकाळी प्रफुल्ल हे सगळं सांगायला सुलाबाईकडे गेला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "म्हणजे त्यांचा जीव माझ्यामुळे अडकला नव्हता?"

"नाही मावशी. डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. बरोबर केलंत."

तिने पदर डोळ्यांना लावला.

पाणी नाहीसं होतं म्हणजे ते कुठेतरी जातं. कुठे जातं ते शोधावं लागतं, आणि सापडेपर्यंत "मला माहीत नाही" एवढंच म्हणावं. त्यात कमीपणा नाही. पण माहीत नसलेल्या गोष्टीचा दोष एखाद्या माणसावर ढकलायला जो सांगतो, त्याला आधी त्याचाच हात पुढे करायला लावा.