पंचावन्न जाळ्या

थोरल्या भावजींचा, दत्तोपंतांचा, एक सिद्धांत होता: उसाचं बिल हातात पडलं की माणूस सिंक घेतो. तो त्यांनी कशावरून काढला, हे विचारायची सोय नव्हती. ते लक्ष्मीपुरीतल्या आमच्या नळ-सिंकांच्या दुकानात पंधरा वर्षं गादीवर बसत होते, आणि बसण्यालाच ते अनुभव म्हणत.

मी रसायनशास्त्र शिकून या घरात आले. सासरे, म्हणजे तात्या, मला दुपारी दुकानात बसू देत. चिनी मातीच्या पांढऱ्या सिंकांचा खप तेव्हा वाढत होता आणि तुंबल्याच्या तक्रारीही. तक्रार घेऊन येणाऱ्याला भावजी पाइपात तार घालायला सांगत. मी एकच प्रश्न विचारी: घरी चूल की गॅस? वर्षभरात छत्तीस तक्रारी आल्या. त्यातले तेहतीस चूलवाले होते. चुलीच्या घरात भांडी राखेनं घासतात. राख पाइपाच्या बाकात बसते, तिच्यावर तेलाचा ओशटपणा चढतो, आणि महिन्याभरात तिथं दगड तयार होतो. मग घरातली बाई पुन्हा मोरीत पाटावर बसून भांडी घासते आणि शेजारणीला सांगते, सिंक घेऊ नकोस. म्हणजे सिंकाचा बाजार उसामागून जात नव्हता. ज्या घरी गॅसचा नंबर लागे, त्या घरामागून तो जात होता.

हे मी तात्यांना सांगितलं, तेव्हा भावजी हसले.

"राख बघून माल मागवायचा? मग दुकान कशाला, स्मशानातच बसू की."

अठ्ठ्याहत्तर साली तात्यांचे डोळे अधू झाले. कुठला माल किती मागवायचा, ते आता आम्हा दोघांपैकी एकानं ठरवायचं होतं. मला ते काम हवं होतं. घरात मला हवी असलेली ती एकच गोष्ट होती. आमचा कोडोलीचा गाळा नुकताच सुरू झाला होता. तात्या म्हणाले, "तिथं पाडव्यापर्यंत किती सिंकं जातील ते दोघांनी सांगा. ज्याचा अंदाज खरा, खरेदीची वही त्याची."

भावजी म्हणाले, साठ. मी कोडोलीत गॅस किती घरी आहे ते विचारून आले होते. म्हटलं, पाच.

पाडव्याला साठच्या साठ सिंकं संपली.

"शास्त्र हरलं, तात्या," भावजी म्हणाले. रात्री मी जेवण वाढत होते तेव्हाही म्हणाले, "कालिंदी, आमटीत राख नाही ना पडली?"

वही त्यांना मिळाली. मी कोडोलीहून परत आलेला माल मोजायला घेतला, कारण मोजायचं काम माझ्याकडेच राहिलं होतं. प्रत्येक सिंकाबरोबर भोकात बसवायची पितळी जाळी पाठवलेली असते. तिच्याशिवाय सिंक पाइपाला जोडताच येत नाही. पोत्यात पंचावन्न जाळ्या होत्या. गिऱ्हाइकांनी फुकट दिलेली जाळीही नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कोडोलीला गेले. पावतीवरचं पहिलं नाव बनाबाईंचं होतं. त्यांनी मला सरळ गोठ्यात नेलं. सिंक विटांवर बसवलेलं होतं, भोकात लाकडी बूच ठोकलेलं, आणि म्हैस त्यात तोंड घालून पेंड खात होती.

"दगडी डोणीपरीस बरं," बनाबाई म्हणाल्या. "शेवाळ धरत न्हाय. तिचं दूध बी वाढलंय."

"आणि भांडी?"

"भांडी मोरीत. तुमच्या दुकानातलं पावणं सांगत हुतं, सैपाकघरात बसवा. मी व्हय म्हटलं. उगं कुणाचं मन कशाला मोडा?"

"गावात सगळ्यांनी असंच बसवलंय?"

"माझं बघून घेतलं की समद्यांनी. आता कुणाची म्हस बिनसिंकाची ऱ्हायली न्हाय."

माझा अंदाज चुकला होता. मी म्हशी धरल्या नव्हत्या. पण मला चूक झाल्याचं कळलं होतं. भावजींना आपण बरोबर का ठरलो, हेही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी परतले, तेव्हा ते दोनशे सिंकांची ऑर्डर लिहीत होते. सगळी कोडोलीसाठी. मी म्हटलं, "तिथं सिंकं गोठ्यात गेलीत. आता सिंकावाचून म्हैस उरली नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हशीचा इथं काय संबंध?"

तात्या म्हणाले, "गिऱ्हाईक म्हैस असो नाहीतर माणूस. विकलं ते विकलं."

ऑर्डर गेली.

पुढच्या पाडव्यापर्यंत त्या दोनशेतली दोन गेली. दोन्ही जाळीसकट. त्या वर्षी कोडोलीत आणखी दोन घरी गॅस आला होता. उरलेल्या सिंकांत पावसाचं पाणी साचलं आणि गाळ्यामागं डास झाले.

"बाजार पडला," थोरले भावजी म्हणाले. हात झटकून ते चहा प्यायला गेले.

तात्यांनी चाचपडत वही उचलली आणि माझ्यापुढं ठेवली. मी सिंकाचं पान उघडलं. कोडोलीपुढं शून्य लिहिलं, त्याखाली सिंक आधीच पोचलेली गॅसची सात घरं नावानिशी लिहिली, आणि पुढचं पान उलटलं.