साठ क्रेडिट्स गेले, जीव राहिला

गावातल्या दोनच वर्षं शिकवणाऱ्या कॉलेजातून गाओशेंग मुआ उत्तरेकडच्या मोठ्या विद्यापीठात गेली, तेव्हा तिचे साठच्या साठ क्रेडिट्स बिनबोभाट तिच्याबरोबर गेले. व्यायामाचा तो एक क्रेडिटसुद्धा गेला. जीव मात्र गेला नाही.

हे कळायला दोन महिने लागले. चारशेजणांच्या वर्गात ती बसायची, प्राध्यापकांचे ओठ हलायचे, डोक्यात काही शिरायचं नाही. अन्नावरची वासना उडाली. पहिल्या दोन्ही चाचण्यांत शून्य. सोमवारच्या पेपरात पास झाली नाही तर नाव कटणार होतं.

अशात लुपेचा फोन आला. लुपे जुन्या कॉलेजातल्या गणिताच्या शिकवणी-खोलीत हजेरीची वही सांभाळायची. गाओशेंग दोन वर्षं तिथेच पोरांना शिकवत असे.

"काय गं भवाने, ओळखही दाखवत नाहीस? काल तीन तास माझ्यासमोर बसून समीकरणं शिकवलीस, कॉफी विचारली तर हूं की चूं नाही."

"काल मी इथे होते, लुपे. तीनशे किलोमीटरवर."

"मग वहीत सही कोणाची? रोज येतेस. एक दिवस खाडा नाही."

गाओशेंगने आईला सांगितलं. आईला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. लाओसच्या डोंगरांतून आलेल्या मोंग लोकांच्या घरांत जीव मागे राहणं म्हणजे छत्री विसरण्यासारखं. घाबरला की तो ओळखीच्या जागी बसून राहतो. घरच्यांनी जाऊन हाका मारायच्या.

"सगळे कागद तीन-तीनदा तपासलेस," आई म्हणाली, "आणि नेमका जीव विसरलीस. शनिवारी ये."

शनिवारी दुपारी मायलेकी गाडीने कॉलेजच्या गेटवर पोचल्या. आईच्या मांडीवर भाताचा वाडगा, उकडलेली अंडी, उदबत्ती आणि गाओशेंगचा जुना सदरा.

"काय काम?" रखवालदाराने विचारलं.

"मुलीचा जीव न्यायचाय."

"न्यायचाच आहे ना? मग गाडी वीस मिनिटांच्या जागेत लावा. त्यापुढे दंड."

शिकवणी-खोलीत ती खरंच बसली होती. तोच अंबाडा, कानामागे पेन्सिल, गाल भरलेले. भोवती पाच पोरं. आरशात गाओशेंग स्वतःला एवढ्या खुशीत कधीच दिसली नव्हती.

आईने दारात उदबत्ती लावली, सदरा पुढे धरला. "ये गं बाळा, घरी चल. भात गरम आहे."

"तिकडे मला कोणी नावाने हाक मारत नाही, आई," पोरांमध्ये बसलेली म्हणाली.

"मी मारते ना. गाओशेंग! ए गाओशेंग!"

ती उठली. सदरा तिला बरोब्बर बसला. उभ्याउभ्याच तिने एक अंडं मटकावलं आणि दुसरं मागितलं. आईचे डोळे भरून आले. दोन महिन्यांत लेक पहिल्यांदा काही खात होती. तिचा हात धरून आई गाडीकडे निघाली.

गाओशेंग मागे धावली. तिच्या पावलांचा आवाज होत नव्हता, पण तेवढं बघायला वेळ नव्हता.

"आई! अगं, मी!"

आईने गाडीची काच खाली केली. तिच्याकडे निरखून पाहिलं आणि हात जोडले.

"तुम्हीच इथे शिकवता वाटतं? माझ्या मुलीवर फार मेहनत घेतलीत हो."

गाओशेंगला बरंच काही ओरडायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "सोमवारी तिचा पेपर आहे. प्रश्न दोनदा वाचायला सांगा."

आईने अदबीने मान डोलावली आणि काच वर केली.