ओलं पांढरं कापड

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरचा हॉल त्या रविवारी खचाखच भरला होता. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग लोक जिन्यात उभे राहिले. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाचा भांग हातभर रुंद झालेला, कुणी टोपी मांडीवर ठेवून टाळूवरून हात फिरवत बसलेला. चिमूटबाबा चिमटीभर राख टाकून डोळ्यांदेखत केस उगवतात, अशी ख्याती होती. ती ऐकून आलेले निम्मे आणि बघून पुन्हा आलेले निम्मे.

“विज्ञानानं माणूस चंद्रावर नेला,” बाबा माइकमध्ये म्हणाले, “पण टकलावर एक तरी केस आणला का?”

हॉल हसला. बाबा थांबले, हसू पुरतं संपू दिलं.

“केस म्हणजे मनाची मुळं. मन सुकलं की मुळं सुकतात. मी फक्त मुळांना हाक मारतो. ओ देणारे तेच.”

पहिल्या रांगेतले गुळगुळीत डोक्याचे एक पेन्शनर काका घाईनं उठले. बाबांनी त्यांना हातानंच खाली बसवलं. “काका, तुमची वेळ आली नाही अजून.”

“मागल्या वेळीही हेच म्हणालात. माझी वेळ यायची ती वेगळीच येईल एखाद्या दिवशी,” काका पुटपुटले. आजूबाजूच्या बायका फिसकन हसल्या.

मागच्या भिंतीशी आईला घेऊन आलेली एक बाई उभी होती. बाबांनी तिच्या आईला मंचावर बोलावलं. आई लाजत, गुडघ्यावर हात देत चढली. तीन पायऱ्यांतच तिला धाप लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर रेशमी रुमाल खसाखसा घासला, पितळी डबीतली काळपट राख टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून भुरभुरवली, वर कापड धरलं, काहीतरी पुटपुटले आणि कापड ओढलं. भांगाच्या दोन्ही बाजूंची उघडी पडलेली कातडी काळीभोर झाली होती.

“आले!” कुणीतरी ओरडलं. “आले की हो!”

“पाणी लावायचं नाही. पाण्यानं हाक पुसली जाते,” बाबा म्हणाले. “फणी नाही, वैद्य नाही, सुई तर मुळीच नाही. सुईच्या भोकातून शक्ती निघून जाते. आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचं.”

लेक अजून भिंतीला टेकूनच उभी होती. आई उतरून आली ती लग्नाला निघालेल्या मुलीसारखी मान ताठ धरून. “कसे दिसतायत?” तिनं विचारलं.

“छान,” लेक म्हणाली. आई इतकी खूश होती की तिला दुसरं काही सुचलं नाही.

ती केसांचं शिकत होती. मुद्रितं तपासायचं तिचं काम छापखान्याबरोबर बुडालं, तेव्हा या वयात सौंदर्यशास्त्राच्या वर्गात नाव घाल हे आईनंच सुचवलं होतं. “पुस्तकं काय, कुणी वाचतं कुणी वाचत नाही. डोकी सगळ्यांना असतात.” वर्गात सगळ्या तिच्याहून निम्म्या वयाच्या. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, केसाला हात लावण्याआधी खालची त्वचा बघायची. कोरडी आहे का, लाल आहे का, केस तुटलाय की मुळासकट आलाय. आणि डोकंभर केस विरळ झाले असतील, तर आपली बाटली बाजूला ठेवून माणसाला विचारायचं, ताप आला होता का, बाळंतपण झालं का, दमायला होतं का. होत असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं. आपलं काम कुठं संपतं ते कळणं हाही अभ्यासच.

तिनं आईला विचारलं होतं. दमायला होत होतं. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली होती. आई म्हणाली होती, “सुई नको सध्या. केस येऊ देत नीट, मग करू.”

त्या रविवारी संध्याकाळी आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती आणि ती टेबलाला पकडीनं आवळलेल्या रबरी डोक्यावर केसांचे भाग पाडायचा सराव करत होती.

“त्या मुंडक्यापेक्षा माझं डोकं घे की,” आई म्हणाली.

“देतेस? धुऊ देतेस?”

“अगं, धू म्हणे! आलेले वाहून गेले तर? तुझी मॅडम देणार आहे भरपाई?”

“मग मला हेच मुंडकं बरं. कुरकुर तरी करत नाही.”

“जेवायलाही मागत नाही. ठेवून घे त्यालाच.” आई स्वतःच्या विनोदावर हसली आणि हसता हसता तिला पुन्हा धाप लागली.

आई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरमागे असायची. डागांच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकत नसे. नवा रंगीत कपडा आला की ती आधी पांढऱ्या कापडाचा तुकडा ओला करायची, शिवणीच्या आतल्या कोपऱ्यावर दाबायची आणि बघायची, रंग उतरतो का. उतरला तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, “याचा रंग याचा नाही.” मालकाचंही ती ऐकत नसे. पण बाबांकडे जायला लागल्यापासून तिच्या उशीच्या अभ्र्यावर रोज काळी भुकटी पडायची, आणि तीच आई ते अभ्रे मुकाट्यानं धूत होती. “दोष उतरतोय,” म्हणायची.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून परत येताना आई जिन्यात बसली. शेजारणीनं पाणी आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं की पोटात कुठंतरी थोडं थोडं रक्त जात असणार, बरेच महिने. अंगात रक्तच उरलं नव्हतं, हृदय दमलं. “आधी लक्षात आलं असतं तर गोळ्यांवर निभावलं असतं,” तो म्हणाला. मग आपण हे बोलायला नको होतं असं वाटून तो कागद चाळू लागला.

शेवटची आंघोळ तिनं घातली. मावशी, आईची धाकटी बहीण, गावाहून निघाली होती, पोचायची होती. वर्गात शिकवलं होतं तसंच लेकीनं केलं. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं. मानेखाली हात घातला. आईचं डोकं धुवायला मिळालं ते असं. पहिल्याच तांब्याला काळं पाणी गेलं, दुसऱ्याला करडं, मग स्वच्छ. डोक्यावर तेवढेच केस उरले होते जेवढे बाबांकडे जाण्याआधी होते. ते तिनं पाहिलं. साडी कोणती नेसवायची, मग ते पाहिलं.

त्यानंतरचे दिवस कानांत कापूस भरल्यासारखे गेले. भेटायला येणाऱ्यांना ती चहा देई. फोन आले तर “हो, अचानक झालं” म्हणे. काय झालं, ते तिच्या तोंडून निघत नसे. बँकेतल्या माणसाला तिनं “त्या आता नसतात” असं सांगितलं आणि तो कितीतरी वेळ आईचा नवा पत्ता विचारत राहिला.

ती वर्गात परतली. तीनेक महिने गेले. कंगवा ओढला की हाताला केसांची गुंडाळी यायला लागली होती. मॅडमनी तिचा भांग उलगडून पाहिला, चार केस उजेडात धरले. मुळाशी पांढरे ठिपके होते.

“मुळासकट येतायत. धक्क्यानंतर असं होतं, लगेच नाही, तीनेक महिन्यांनी. आपलं आपण भरून येतं.” मग हळूच विचारलं, “तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं तुझ्याकडे?”

“काही नाही,” ती म्हणाली. “घरी जरा गडबड होती.”

त्याच आठवड्यात मॅडमनी एक डबा आणला. आत काळी भुकटी. “हे केसांचे बारीक तंतू. लग्नसमारंभाला, फोटोला वापरतात. केस विरळ असले की हे त्यांना चिकटतात. आधी कापडानं घासलं तर वीज धरते, आणखी घट्ट बसतात. गुळगुळीत टकलावर उपयोग नाही, धरायला काही लागतं.” डबा एका मुलीच्या भांगावर हलवला आणि भांग नाहीसा झाला. पोरी “आई शप्पथ!” म्हणून ओरडल्या. “आता धू,” मॅडम तिला म्हणाल्या.

तिनं मानेखाली हात घातला. काळं पाणी, करडं पाणी, स्वच्छ पाणी. बेसिनशी ती इतका वेळ उभी राहिली की शेवटी कुणीतरी नळ बंद केला.

मावशीचा फोन आला तो शनिवारी. “अगं, माझेही केस जायला लागलेत. मुठीनं. दोन जिने चढले की छातीत धडधडतं. डॉक्टर म्हणतो रक्त तपासा.”

“मग तपास.”

“आधी उद्या बाबांकडे जाऊन येते. ताईचे आले होते की नाही? तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस.”

“मावशी, आईला…” ती थांबली. पुढचा शब्द येईना. “मी येते बरोबर,” एवढंच म्हणाली.

हॉल तसाच होता. काकाही पहिल्या रांगेत तसेच. बाबांनी तिला ओळखलं. “या, या! ड्रायक्लीनवाल्या बाईंची मुलगी ना? आई नाही आली?”

“नाही आली.”

“बघा, गरज उरली नाही!” बाबा गर्दीकडे वळले. “गुण आला की माणूस वाट विसरतं.” हॉल हसला. मावशीनं खाली पाहिलं.

रेशमी रुमाल, डबी, कापड, पुटपुट. मावशीचा भांग भरला. “आले!”

ती मंचावर चढली. “मी केसांचंच शिकते. जवळून बघू?”

“बघा की, विज्ञानवाल्या बाई! मोजून घ्या!” बाबा उदार झाले होते.

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा. आईच्या काउंटरच्या खणात असे तुकडे गठ्ठ्यानं निघाले होते. तिनं तो भिजवला, पिळला.

“मावशी, लावू?”

“पाणी नको!” बाबा पुढे सरकले. “अनर्थ होईल!”

“आईच्या हातचं कापड आहे,” ती मावशीला म्हणाली. मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि डोकं पुढे केलं.

तिनं कापड भांगावर दाबलं, जसं शिवणीच्या कोपऱ्यावर दाबतात तसं, आणि उचलून हॉलकडे धरलं. ते काळं झालं होतं. मावशीचा भांग पुन्हा गोरा.

“पाप उतरलं!” बाबा क्षणाचाही वेळ न लावता म्हणाले. काही लोकांनी हातही जोडले.

“मग माझंही उतरवू,” ती म्हणाली. तिनं वर्गातला डबा काढला, मान खाली घातली आणि स्वतःच्याच विरळ झालेल्या भांगावर तो हलवला. मान वर केली. जिन्यातल्या लोकांपर्यंत कुजबुज गेली. “मला कुठली सिद्धी नाही. हा दुकानात मिळतो. तंतू आहेत, केसांना चिकटतात. काका, म्हणूनच तुमची वेळ येत नव्हती. तुमच्याकडे धरायला काही नाही.”

“हे मला आरसाही सांगतो,” काका म्हणाले. “पण तो निदान स्टेजवर नाही बसत.”

या वेळचं हसू बाबांच्या बाजूचं नव्हतं. तिनं कापडाच्या दुसऱ्या टोकानं आपला भांग पुसला. तेही काळं.

“माझे खरे आले!” मागून एक बाई उठली. “मी आता धुतेसुद्धा. तरी आहेत.”

“त्याआधी काही दुखणं झालं होतं?”

“टायफॉइड.”

“मग ते येणारच होते. तापानं गेलेले केस आपलं आपण परततात. आले की श्रेय बाबांचं, नाही आले की तुम्ही पाणी लावलं म्हणायचं.”

मावशीनं ते कापड तिच्या हातातून घेतलं, बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं. “ताईनं एकदा तरी हे दाबून बघायचं होतं गं,” ती म्हणाली. मग खाली बसून पिशवीत डॉक्टरची चिठ्ठी शोधू लागली. “उपाशीपोटी जायचं असतं ना? उद्या येशील बरोबर?”

“येईन.”

“हिच्या आईला विचारा!” बाबांनी माइक उचलला होता. आवाज चढला होता. “तिचं डोकं भरलं होतं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय! बोलवा तिला! आई साक्ष देईल!”

“हो, आईला बोलव,” दोघंतिघं म्हणाले.

ती मंचाच्या कडेशी आली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, पण हॉल गप्प झाला होता.

“तिचे केस का गळत होते, सांगते. अंगातलं रक्त संपत आलं होतं. केस तेवढंच सांगत होते. बाबांनी ते झाकलं, आणि सुई नको म्हणाले. तुमच्यात कुणाचे असे मुठीनं जात असतील, दम लागत असेल, तर उद्या जाऊन रक्त तपासा. मला मानू नका, यांनाही मानू नका. घरी जा, पांढरं कापड ओलं करा आणि स्वतःच्या डोक्यावर दाबून बघा. एवढंच करा.”

रेशमी रुमाल बाबांच्या हातात तसाच होता. पहिल्या रांगेतून काका उठले. या वेळी त्यांना कुणी खाली बसवलं नाही.

“पण बाळ, आई बरी आहे ना आता?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मावशी चिठ्ठी हातात धरून थांबली होती.

“नाही, काका,” ती म्हणाली. “माझी आई मेली.”